डाव्या हातावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. दचकू नका. जिच्यापायी पुढारी जिवाचं रान करतात, ती खुर्ची मी नव्हे. मी सलूनमधली, दाढी-कटिंगची खुर्ची. सध्या माझा मुक्काम एका भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या कुलर आणि सायकलींच्या शेजारी आहे. उद्या सकाळी मला न्यायला टेम्पो येणार आहे. जिथे नेणार, तिथे माझ्याविषयी पुष्कळ बोललं जाईल आणि मला त्यात एक शब्दही घालता येणार नाही. म्हणून आजच तुम्हाला सगळं सांगून ठेवते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. बूड ओतीव लोखंडाचं, बैठक लाल रेक्झिनची, डोकं टेकायला वरखाली होणारी उशी आणि उजव्या अंगाला एक दांडा. दांडा दाबला की मी गिऱ्हाइकासकट वर उचलली जाते. मला जोडणाऱ्या फिटरने शेवटचा बोल्ट आवळला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ही काही लवकर मोडत नाही." त्याचं म्हणणं खरं झालं. मी मोडले नाही. बाकी बरंच मोडलं.

मला विकत घेतलं ते माझ्या मालकांनी. सगळे त्यांना दादा म्हणत. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी, पण हात असा की वस्तरा गालावरून फिरला हे गिऱ्हाइकाला आरशात बघूनच कळायचं. दुकान एका खोलीचं. समोर मोठा आरसा, मागे चार माणसांचा बाक, बाकावर दोन वर्तमानपत्रं. तीस वर्षं मी त्याच जागी उभी होते.

आमच्या दुकानात एक नियम होता आणि तो दादांनी पहिल्या वर्षापासून पाळायला लावला होता. खुर्चीतल्याने ऐकायचं, बाकावरच्याने बोलायचं. ह्यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं. वस्तरा गळ्यावर असताना माणूस तावातावाने बोलू लागला की जबडा हलतो आणि कातडं कापतं, एवढंच. पण त्यामुळे व्हायचं काय, की बाकावर बसून गर्जना करणारा प्रत्येक जण कधी ना कधी माझ्यात येऊन बसायचा आणि वीस मिनिटं तोंडाला फेस लावून दुसऱ्याचं मुकाट्याने ऐकायचा. उतरला की मग पुन्हा बाकावरून तोफ डागायला मोकळा.

ह्या वादातली हुकमी जोडी म्हणजे कंडक्टर आणि वायरमन. दोघे एकमेकांचे साडू, सख्ख्या बहिणी केलेले. कंडक्टर मिशीवाल्या नेत्यांचे भक्त, इतके की स्वतःची मिशी तशीच राखून दर पंधरा दिवसांनी कलप लावून घ्यायचे. वायरमन विरोधी पक्षाच्या चष्मेवाल्या नेत्यांचे. एकदा कंडक्टरांच्या मिशीला कलप लावलेला असताना वायरमन बाकावरून म्हणाले, "साडूभाऊ, मिशी काळी करून काय उपयोग? तुमच्या साहेबांची आश्वासनं पिकली त्याचं बघा." कंडक्टरांना नियमाप्रमाणे बोलता येईना आणि हसू तर आवरेना. पोट गदगदून हललं, कोपर लागून वाटी कलंडली आणि सगळा कलप माझ्या डाव्या हातावर सांडला. दादांनी घासघास घासला, पण रेक्झिनच्या शिवणीत मुरलेला तो काळपट डाग काही गेला नाही. त्या दिवशी दादासुद्धा मोठ्याने हसले होते. तो डाग लक्षात ठेवा.

मग दुकानात टीव्ही आला. वायरमननेच कुठूनतरी जुना आणून, फुकटात आरशाच्या वर बसवून दिला. गिऱ्हाइकांचा वेळ जाईल, हा त्यांचा हेतू. त्यावर दिवसभर बातम्यांची दोन चॅनेलं लागायची. मिशीवाल्यांचे गोडवे गाणारं चॅनेल सिमेंटवाल्या शेठचं, आणि चष्मेवाल्यांची पालखी वाहणारं औषधवाल्या शेठचं. पूर्वी साडू वर्तमानपत्र वाचून, चवीचवीने भांडायचे. आता चॅनेलवरचा माणूस आधी ओरडायचा आणि हे त्याचेच शब्द उचलून एकमेकांवर फेकायचे. "विकले गेलेत सगळे." "तुमचं चॅनेल कोणाच्या पैशावर चालतं ते आधी बघा." दादांचा नियम टीव्हीला लागू नव्हता. त्याला कधी खुर्चीत बसावं लागलं नाही.

हळूहळू चेष्टा संपली. साडू एकमेकांच्या घरी जेवायला जाईनासे झाले. बहिणीबहिणींत धुसफूस सुरू झाली. एकाची वेळ सकाळची तर दुसरा मुद्दाम संध्याकाळी येऊ लागला. निवडणूक जवळ आली तशी दोन्ही पक्षांची कॅलेंडरं दुकानात आली. कोणाचं मन नको मोडायला म्हणून दादांनी आरशाच्या डावीकडे एक टांगलं, उजवीकडे दुसरं. मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. दोन्ही फोटो दिवसभर माझ्याकडे रोखून बघायचे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दोघे एकाच वेळी आले. कंडक्टरांचा नंबर लागला. वायरमन बाकावर बसले. त्यांच्या शेजारी एक मोबाईल दुरुस्तीवाला होता. आता साडूंची जुंपणार, घरी बायकोला दाखवायला गंमत होईल, म्हणून त्याने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. सुरुवात खरोखरच बरी झाली. वायरमन काहीतरी बोलले, कंडक्टर आरशातून हसले. कितीतरी महिन्यांनी दोघे हसत होते. दादांनी उजवा गाल संपवला आणि डावीकडे वळले.

तेवढ्यात टीव्हीवर मिशीवाले सिमेंटवाल्या शेठच्या विमानातून उतरताना दाखवले. वायरमनने हात वर करून पडद्याकडे बोट केलं. "कंडक्टरसाहेब, ह्या विमानाचं तिकीट कोणी फाडलं, ते विचारा जरा!"

कंडक्टरांनी आयुष्यभर एकही उतारू फुकट नेला नव्हता. तो टोमणा त्यांना कुठे लागला असेल ते मला कळलं, कारण त्यांची बोटं माझ्या हातात रुतली. "तोंड सांभाळून बोला!" असं ओरडत त्यांनी झटक्याने मान वळवली. वस्तरा कानाखाली होता.

रक्त फार नव्हतं, पण पांढऱ्या फेसावर ते फार दिसलं. दादा वस्तरा हातात घेऊन थिजले. वायरमनचा वर केलेला हात तसाच राहिला. मग तेच पुढे धावले, टॉवेल दाबला, "साडूभाऊ, बघू, बघू," म्हणत त्यांना स्वतःच्या स्कूटरवर घालून डॉक्टरकडे घेऊन गेले. तीन टाके पडले, वर पट्टी आली. दादांनी माझ्यावरचे थेंब ओल्या फडक्याने पुसले, दोनदा पुसले, आणि बाकावर जाऊन बसले.

दुरुस्तीवाल्याने तो दीड मिनिटांचा व्हिडिओ घरच्यांना पाठवला. तिथून तो कुठे कुठे गेला, देव जाणे. दुपारी आमच्याच टीव्हीवर आम्ही दिसलो. सिमेंटवाल्यांच्या चॅनेलने शेवटची पंधरा सेकंदं दाखवली. रक्त, दादांच्या हातातला वस्तरा आणि वायरमनचा वर झालेला हात. विरोधकाने इशारा केला आणि सलूनवाल्याने वस्तरा चालवला, असं ते दर पाच मिनिटांनी सांगत होते. औषधवाल्यांच्या चॅनेलने पहिली वीस सेकंदं दाखवली. दोघे साडू हसताहेत, बस्स. आणि मग विचारलं, पट्टीखाली जखम आहे तरी का? मित्रांनो, दोघांनी दाखवलेलं सगळं खरंच घडलं होतं. मान वळल्याचं मात्र कोणीच दाखवलं नाही.

संध्याकाळपर्यंत दुकानासमोर कॅमेरे आले. एकाने फक्त डावीकडचं कॅलेंडर टिपलं, दुसऱ्याने फक्त उजवीकडचं. "तुम्ही कोणाचे?" असं दादांना विचारलं. दादा म्हणाले, "अहो, ती दोन्ही फुकट मिळाली होती. आणि मी दाढी करतो, मी कोणाचा असणार?" ते कुठेच दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी शटरवर कोणीतरी काळ्या रंगाने फुली मारून गेलं. एकही गिऱ्हाईक आलं नाही. दादांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, डबा आणला तो तसाच परत गेला.

दुरुस्तीवाल्याने घाबरून व्हिडिओ पुसून टाकला होता आणि वायरमनवर कोणी विश्वास ठेवला नसता. आता खरं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे कंडक्टर. "मान मी वळवली," एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्यावर दादांचं दुकान, अब्रू आणि कदाचित जीवही टांगलेला होता. पण ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. वायरमन मागच्या बोळातून येऊन दादांना म्हणाले, "त्यांच्या घरी मिशीवाल्यांचा पुढारी ठाण मांडून बसलाय. म्हणतो, तुम्ही काही बोलू नका, फक्त पट्टी काढू नका. आणि उरलेली दाढी सभेपर्यंत तशीच ठेवा. माझी मेहुणी रडतेय, पण मला दारात उभं करत नाहीत हो."

"त्यांना सांगा," दादा म्हणाले, "टाके ओले करू नका म्हणावं."

तिसऱ्या दिवशी सकाळी समोर दोन घोळके जमले. रस्त्याच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. घोषणा नव्हत्या, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. आणि त्या दोघांच्या मधून कंडक्टर चालत आले. एका गालावर जेमतेम खुंट, दुसऱ्यावर वाढलेली दाढी, कानाखाली पट्टी. आत आले, माझ्यात बसले आणि आरशात बघून म्हणाले, "दादा, अर्धी राहिलीय."

दादांनी कापड बांधलं, फेस लावला. दारात आणि काचेला माणसं चिकटली. सगळ्यांचे मोबाईल वर. मी तीस वर्षं माणसांचे चेहरे आरशात पाहत आले, पण असे चेहरे मी पाहिले नव्हते. दोन्ही घोळक्यांचं कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आत काहीतरी व्हावं, ह्याची ते वाट बघत होते.

दादांनी वस्तरा उघडला, गालापाशी नेला आणि हात थरथरायला लागला. एकदा मागे घेतला. पुन्हा नेला. "कंडक्टर, माझ्याच्यानं होत नाही हो," ते हळूच म्हणाले.

कंडक्टर दाराकडे वळले आणि फेसाळ तोंडाने मोठ्याने म्हणाले, "सगळे ऐका. मान मी वळवली होती. ह्या माणसाचा काडीचा दोष नाही, आणि माझ्या साडूचाही नाही." मग त्यांनी दादांच्या थरथरत्या बोटांतून वस्तरा अलगद काढून घेतला, आरशात बघत स्वतःची उरलेली दाढी स्वतः केली आणि वस्तरा पुसून दादांच्या हातात ठेवला. दादा लहान मुलासारखे रडले. मलाही वाटलं, सुटलो.

रात्री एका चॅनेलने ओरडून सांगितलं की जखमी कार्यकर्त्याने दबावाखाली जबाब फिरवला. दुसऱ्याने सांगितलं की नाटक केल्याची कबुली मिळाली. आणि दोन्हींवर चित्र एकच होतं, दादांच्या हातून वस्तरा घेणारे कंडक्टर. खाली लाल पट्टी, 'सलूनमध्ये वस्तरा हिसकावला'. सकाळी दादा आले तेव्हा शटर वाकलेलं होतं आणि आरशाच्या ठिकऱ्या माझ्या मांडीवर पडल्या होत्या. ते काम एका घोळक्याचं की दुसऱ्याचं, ते कळलं नाही.

दादांनी पुन्हा वस्तरा धरला नाही. हात स्थिर झालाच नाही. वहिनींच्या भावाच्या गावी ते निघून गेले. जाताना त्यांनी माझा दांडा दाबून मला एकदा वर घेतलं, खाली आणलं आणि बाहेर पडले. मग मी इथे आले. ह्या गोष्टीला येत्या आठवड्यात वर्ष होईल.

परवा दोन माणसं आली. भंगारवाल्याने मला उजेडात ओढलं. त्यांनी माझा डावा हात निरखला, शिवणीतल्या डागाचे जवळून फोटो काढले आणि एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हेच ते. रक्त अजून आहे बघ." ते चॅनेलवाले आहेत. कोणत्या शेठचे, हे मी विचारू शकले नाही. त्यांच्या स्टुडिओत मला मधोमध ठेवणार आहेत आणि माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसवून त्यांना भांडायला लावणार आहेत. माझ्यात मात्र कोणी बसणार नाही. रिकामी खुर्ची छान दिसते म्हणे.

मित्रांनो, तुम्ही मला टीव्हीवर बघाल तेव्हा त्या डागाकडे नीट बघा. रक्त दादांनी त्याच दिवशी पुसलं होतं. तो कलप आहे. दोन साडू एकमेकांची टर उडवत पोट धरधरून हसले होते, त्या दिवसाचा तो डाग आहे. तुमच्या शेजारी कोणी त्याला रक्त म्हटलं तर त्याला हे सांगा. आणि तो उलट बोलू लागला, तर कृपा करून मान न हलवता त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्या. एवढंच मागते. उजाडायला लागलंय आणि फाटकाशी टेम्पो थांबल्यासारखा वाटतोय.