बुटक्या बटणाची बेल

मी एक जुनी, चिरक्या आवाजाची दारावरची बेल आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं बटण बुटकं आहे म्हणून हसू नका. ते चुकून इतकं खाली बसलेलं नाही.

मला बसवलं अण्णांनी. अण्णा वायरमन. सगळ्या गल्लीच्या घरांत दिवे लावले आणि स्वतःच्या दाराला मात्र नुसती कडी! मुलगा थोडा मोठा झाला तेव्हा हट्ट धरून बसला, "मला बेल वाजवायचीय!" म्हणून मला आणलं. माझा डबा आत, दाराच्या वर, आणि बटण बाहेर, पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, आम्ही आता वाकून यायचं का तुमच्याकडे?"

"या की वाकून. तेवढीच कंबर मोकळी होईल," अण्णा म्हणाले.

बटण दाबलं की 'टिंग' आणि सोडलं की 'टाँग', असा माझा स्वभाव. तो कार्टा दाबून धरायचा, सोडायचाच नाही. मग अण्णा आतून तोंडानंच ओरडायचे, "टाँग!" घरात तिसरं माणूस नव्हतं. पोराची आई तो रांगत होता तेव्हाच गेली होती. त्या दिवसांत माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

पोरगा शिकला, नोकरीला लागला. नोकरी कसली, तर कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. मशीन बिघडायचं कंपनीचं आणि शिव्या खायच्या ह्यानं. उलट शब्द काढायचा नाही, आणि पाठीमागे साहेब उभा, "आटप, आटप" करत. मलाही येणारा-जाणारा दाबतोच, पण मी लोखंडाची आहे हो. तो माणूस होता.

हळूहळू तो संध्याकाळी दारात येऊन नुसताच उभा राहू लागला. बटणावर बोट ठेवायचा, दाबायचा नाही. आत अण्णा दोन ताटं वाढून बसलेले आणि बाहेर हा डोळे पुसत उभा. हे फक्त मला कळायचं, आणि कोणी दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी तो आडवा पडला होता. काकूंनी वाटीभर साखर मागायला बेल वाजवली. हा ताडकन उठला, दार उघडलं आणि ताठ उभा राहून म्हणाला, "गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." काकू आधी खो खो हसल्या. मग त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि त्या रिकामी वाटी घेऊन परत गेल्या.

अण्णांनी त्याच वेळी स्टूल लावलं आणि माझी वायर काढून टाकली. राग आला मला. इतकी वर्षं इमानानं वाजले, आणि गुन्हा साहेबाचा, शिक्षा मला! पण स्टुलावरून उतरत अण्णा म्हणाले, "सोड ती नोकरी."

"सोडून काय करू? इथे दुसरं आहे काय?"

"इथे नसेल तर दुसरीकडे बघ. जग काय एवढंच आहे?"

हे अण्णाच बोलले, मित्रांनो. त्यांनीच त्याला वाट दाखवली.

त्यानं नोकरी सोडली, चपला झिजवल्या आणि शेवटी काम मिळालं ते पार परराज्यात, एका रोपवाटिकेत. "तिथली भाषा येत नाही मला," तो म्हणाला. "मग रोपांना तरी कुठली येते?" असं म्हणून अण्णांनी त्याची पिशवी भरली. तिथे चौघांत मिळून एक खोली होती, त्यामुळे अण्णांना बरोबर नेणं शक्य नव्हतं. तो गेला. अण्णांनी माझी वायर पुन्हा जोडली आणि मग दाराशीच बसून पोटभर रडले.

फोनवर पोरगा हसू लागला. फोन ठेवला की अण्णा वर बघून मला सांगायचे, "ऐकलंस का गं? हसत होता." पण एकट्यासाठी काय शिजवायचं, म्हणून ते चहात पाव बुडवून भागवू लागले. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. वायरमनच्या घरची बेल, आणि ही दशा!

मग त्यांच्या मनानं घेतलं, की पोरगा सावरलाय, आता त्याला परत बोलवावं. वस्तीबाहेर नवी रोपवाटिका निघाली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी अण्णा तिथे खेटे घालत राहिले, तेव्हा कुठे मालक मुलाला कामावर घ्यायला तयार झाला. मुलगा सुट्टीला येणार होता. अण्णा रोज दारात उभं राहून घोकायचे, "हे बघ, इथेच काम मिळतंय. परत ये ना."

तो आला. उन्हानं रापलेला, खरबरीत हातांचा, मोकळ्या आवाजाचा. पोटभर जेवला, ढाराढूर झोपला. काकूंनी बेल वाजवली तरी त्यानं कूससुद्धा बदलली नाही. अण्णा कौतुकानं बघत राहिले. बोलायचं मात्र रोज उद्यावर ढकललं.

निघायच्या दिवशी तो पिशवी खांद्याला लावून दारात आला. अण्णांनी कडीवर हात ठेवला, घसा खाकरला. "हे बघ..."

"काळजी करू नका हो अण्णा," तो म्हणाला. "घरी पोचलो की लगेच फोन करतो."

घरी! तो सहज बोलून गेला, त्याच्या ध्यानातही आलं नाही. अण्णांचा हात कडीवरच राहिला.

"तुम्ही काहीतरी म्हणत होतात ना?"

"काही नाही रे. सावकाश जा."

दार लावून त्यांनी रोपवाटिकेच्या मालकाला फोन केला. "मुलगा तिकडे रुळलाय. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या," एवढंच बोलले. मग एकट्यापुरता चहा ठेवला आणि पाव काढला.

मित्रांनो, जिथे जीव गुदमरतो तिथून जरूर निघा. लांब जा, हसते व्हा. अण्णांनाही तेच हवं होतं. पण मागे राहिलेल्या दाराशी वरचेवर येत जा. माझ्यावरचं जाळं पुसलं नाहीत तरी चालेल, माझा आवाज अजून पुष्कळ वर्षं टिकेल. आतून येऊन दार उघडणारं कोणी आहे, तोवर या.