मखमली सोफा आणि पिशोरचा हुरडा

मी एक जुना सोफा आहे. दिवाणखान्यातला नव्हे, मित्रांनो. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर माणसं बसतात. मी व्यासपीठावरचा सोफा आहे; माझ्यावर प्रमुख पाहुणे बसतात. ते येईपर्यंत कोणी बसायचं नसतं आणि ते वेळेवर कधी येत नसतात. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य रिकामं राहण्यात गेलं. तरी मला मान मोठा.

माझा जन्म उस्मानपुऱ्यातल्या एका सुताराच्या कारखान्यातला. लाकूड बाभळीचं, सांगताना सागवान. अंगावर लालभडक मखमल, हातांना सोनेरी रंग. मला जहांगीरभाईंनी घेतलं. जहांगीरभाई म्हणजे मंडप, खुर्च्या, माईक, सतरंज्या भाड्यानं देणारा माणूस. उत्सवाला लागणारं सगळं त्यांच्याकडे मिळतं, गर्दी तेवढी ज्याची त्यानं आणायची.

माझ्या पाठीवर एक पांढरा टर्किश टॉवेल टाकलेला असे. तो कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं काढली, पण एकाही पाहुण्यानं व्यासपीठावर आंघोळ केली नाही.

कामाचे दिवस मात्र मजेचे होते. गणपतीत मी एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जाई. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेजवळचा मंडप, हिवाळ्यात शाळांची स्नेहसंमेलनं, मधेच एखादी कव्वालीची मैफल. बाहेरगावची मंडळी दिवसभर वेरूळची लेणी बघून संध्याकाळी आमच्या कार्यक्रमांना येत आणि उद्घाटनाची वाट बघत बसत. लेणी किती शतकं तिथं उभी आहेत म्हणतात. पण तीही इतक्या मुकाट्यानं उभी राहिली असतील, असं मला वाटत नाही.

माझी खूप स्तुती झाली. "सोफा भारी आहे हं," असं एक मोठे पाहुणे म्हणाले होते. कार्यक्रमाबद्दल ते काही बोलले नाहीत.

पुढं जहांगीरभाईंनी दोन्ही बाजूंना सिंह असलेलं पांढरं सिंहासन आणलं आणि मी गोदामात ताडपत्रीखाली गेलो. तिथं एक मांजर माझ्यावर व्याली. मखमल फाटली, पण खरं सांगतो, माझ्यावर कोणी आपलेपणानं बसलं असेल तर ती पहिली तीच.

गेल्या हिवाळ्यात मला अचानक बाहेर काढलं. सिंहासन एका लग्नात गुंतलं होतं आणि पिशोरहून मागणी आली होती. मी टेम्पोत चढलो, पुढं जहांगीरभाई बसले.

पिशोरच्या शिवारात आवडाबाईंचं शेत आहे. तिथं हुरडा महोत्सव होता, गावातला पहिलाच. मित्रांनो, हुरडा म्हणजे ज्वारीचं कोवळं कणीस. दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असतानाच कणीस तोडायचं, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचं आणि गरमागरम तळहातावर चोळून समोरच्याच्या ओंजळीत द्यायचं. त्या विस्तवाच्या खड्ड्याला आगटी म्हणतात. हुरडा आगटीपाशी बसूनच खातात. थंड झाला की तो दाढेची परीक्षा घेतो.

महोत्सवात आवडाबाईंचं मोठं काही अडकलं होतं. त्यांचा मुलगा शिवराज याला ज्वारीच्या तुकड्यात अद्रक लावायची होती. सगळं शिवार अद्रकीकडं वळलं होतं. हुरड्याच्या ज्वारीचा तेवढा एक तुकडा उरला होता. मायलेकांचं शेवटी ठरलं ते असं: बाहेरगावचे पाहुणे बोलवायचे, त्यांना हुरडा खाऊ घालायचा. ते खूश होऊन गेले तर ज्वारी राहील. तोंड वाकडं करून गेले तर पुढच्या साली अद्रक.

पाहुणे आले ते खुशनुमाबरोबर. ही फर्दापूरची मुलगी, अजिंठ्याला आलेल्या लोकांना गाडीत घालून आसपास फिरवते. गाडीतून उतरताच तिनं आवडाबाईंना बाजूला घेतलं.

"आवडाकाकू, आधीच सांगते हं. यांची संध्याकाळची रेल्वे आहे. ऊन कललं की मी गाडी हलवणार. मग रडायचं नाय."

"अगं, तवर दोनदा खाऊन होईल," आवडाबाई म्हणाल्या. "कणसं काय भरात हायेत बघ."

पण महोत्सव नुसत्या कणसांवर होत नाही. आवडाबाईंचे दीर बन्सीभाऊ स्वागत समितीचे अध्यक्ष होते. समितीत दुसरं कोणी नव्हतं, तरी अध्यक्ष हवाच. त्यांनी छोटं व्यासपीठ उभारलं, त्यावर मला मांडलं, आगटीभोवती लाल फीत बांधली आणि शहरातल्या एका साहेबांना उद्घाटनाला बोलावलं. साहेब फीत कापतील, मग आगटी पेटेल, मग हुरडा. असा क्रम त्यांनी माईकवरून सांगितला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना त्यांना क्रमाचा अर्थ कळला नव्हता.

साहेब फुलंब्रीत होते. थोड्या वेळानं फोन लावला, तर साहेब फुलंब्रीत होते. आणखी थोड्या वेळानंही साहेबांनी फुलंब्री सोडलेली नव्हती. तिथंही कुठलं तरी उद्घाटन असावं.

बन्सीभाऊ तसे हुशार. साहेबांना थांबावं लागू नये म्हणून त्यांनी आधीच घरच्या चुलीवर चार कणसं भाजून घेतली होती. हुरडा डब्यात भरला, वर चांदीचा कागद लावला आणि डबा माझ्याशेजारी ठेवला. डब्यात हुरड्याला घाम फुटला. मी अगदी जवळून बघत होतो. हुरडा वाफेनं भिजला, मग थंड झाला, मग रबरासारखा झाला. त्या दिवशी पिशोरमध्ये साहेबांच्या नावाचा तेवढाच हुरडा तयार होता आणि तो खाण्यासारखा राहिला नव्हता.

पाहुणे सतरंजीवर चुळबुळ करू लागले. एका बाबानं बिस्किटाचा पुडा फोडला. ते बघून आवडाबाईंचा चेहरा उतरला. बांधावर उभ्या शिवराजनंही तो पुडा बघितला आणि नजर अद्रकीच्या शिवाराकडं वळवली.

पाहुण्यांत कोल्हापूरच्या सुलेखाबाई होत्या. केस पांढरे, हातात काठी. बाकीचे सगळे बसले होते, त्या एकट्या उभ्या.

"आजी, बसा की," खुशनुमा म्हणाली.

"बसेन गं. पण खाली बसले तर उठवायला क्रेन मागवावी लागेल. गुडघे माझे राहिलेले नाहीत."

आवडाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. उंच आसन एकच होतं. ते म्हणजे मी.

त्या व्यासपीठावर चढल्या आणि माझ्या हाताला धरून मला ओढायला लागल्या. मी दचकलो. इतक्या वर्षांत मला व्यासपीठावरून कोणी कार्यक्रमाच्या आधी उतरवलं नव्हतं.

"वहिनी!" बन्सीभाऊ ओरडले. माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्या शिवारानं ऐकलं. "वहिनी, त्यो पाहुण्याचा सोफा हाय!"

"मंग ह्या कोण हायेत? शेजारच्या वाड्यातून चुकलेली म्हैस?"

"तसं नाय. परमुख पाहुण्याचा हाय."

"भावजी, रेल्वेत बसून माणसं आपल्या दारात आली. अजून किती परमुख व्हायची?"

सतरंजीवर हशा पिकला. बन्सीभाऊंनी शेवटचा आधार म्हणून जहांगीरभाईंकडे पाहिलं. माझ्यावर कोणी नुसता हात टेकला तरी आयुष्यभर ज्यांनी "अरे बावा, उसकू हात नको लगाव" असा दम भरला, तेच जहांगीरभाई. आता ते काय म्हणतात म्हणून माझ्या स्प्रिंगा ताणल्या गेल्या.

जहांगीरभाईंनी सुलेखाबाईंच्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"उठाव," ते म्हणाले. "बन्सीभाऊ, तुमी त्या टोकाला धरा. अध्यक्ष तुमी हायेत ना? मग वजन बी तुमीच उचला."

त्या दोघांनी मला खाली आणलं, आगटीच्या कडेला, थेट मातीत. मातीत पाय टेकायची माझी ही पहिलीच वेळ. लाल फीत आडवी आली, तेव्हा आवडाबाईंनी ती सोडली, कणसांच्या पेंढीला बांधली आणि गोवऱ्यांना काडी लावली. उद्घाटन एवढंच झालं.

मग जे झालं ते मी कुठल्याही उत्सवात पाहिलं नव्हतं. कणसं विस्तवात तडतडली. आवडाबाई चोळत होत्या, फुंकत होत्या आणि जो हात पुढं येईल त्याच्यात हुरडा टाकत होत्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, मडक्यातलं दही. बिस्किटवाल्या बाबानं उरलेला पुडा कुत्र्याला दिला. कुत्रा हुंगून निघून गेला, कारण त्यालाही हुरडाच हवा होता. सुलेखाबाई माझ्यावर बसून खात होत्या. हळूहळू त्यांच्या एका बाजूला एक मूल येऊन बसलं, दुसऱ्या बाजूला आणखी दोन. माझ्यावर राख उडाली, दही सांडलं, एका ठिणगीनं मखमलीला भोक पडलं. दुखलं थोडं. पण मी हललो नाही. सोफ्यांना ते जमतं.

ऊन कलता कलता गाडीचा हॉर्न वाजला. साहेब फुलंब्रीतून सुटले होते. बन्सीभाऊ हार घेऊन धावले आणि अर्ध्या वाटेत थबकले, कारण साहेबांना बसवायला आता काही नव्हतं. साहेबांनी पॅंट थोडी वर ओढली आणि सतरंजीवर मांडी घातली. आवडाबाईंनी त्यांच्या ओंजळीत हुरडा टाकला. तो संपल्यावर त्यांनी परत ओंजळ केली. मग परत.

त्यांचं भाषण राहूनच गेलं. आजपर्यंत त्याची आठवण कोणालाही झालेली नाही, साहेबांनाही नाही.

खुशनुमानं शब्दाप्रमाणं गाडी हलवली. चढताना ती आवडाबाईंना म्हणाली, "काकू, पुढच्या साली मोठी गाडी आणते." सुलेखाबाईंनी खिडकीतून काठी हलवली आणि मोठ्यानं विचारलं, "सोफा असेल ना गं?"

गाडी दिसेनाशी झाल्यावर शिवराज बांधावरून खाली आला. आगटीत एक कणीस राहिलं होतं, ते त्यानं काढलं, चोळलं, खाल्लं. मग म्हणाला, "माय, बियाला कणसं राखलीस का समदीच भाजलीस?"

"राखली की," आवडाबाई म्हणाल्या. "तू इचारायचीच वाट बघत व्हते."

मित्रांनो, मी आता पिशोरलाच असतो, गोठ्याशेजारच्या पडवीत. या भोकांचा सोफा शहरात कोणी मागणार नाही, म्हणून जहांगीरभाईंनी मला तिथंच ठेवलं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी बैलाच्या मारतात. माझी मखमल विटली आहे, सोनेरी रंग उडाला आहे आणि सकाळपासून कोणी ना कोणी बसलेलं असतं.

एकच सांगणं आहे. कुठल्याही गावच्या जत्रेला, उरुसाला, महोत्सवाला गेलात आणि पुढं एखादा सोफा रिकामा दिसला, तर त्याला घाबरू नका. आधी आजूबाजूला बघा. कोणाचे तरी गुडघे दुखत असतील, कोणी तरी लांबून आलं असेल. त्यांना हाताला धरून तिथं बसवा. आमची निगा राखायची ती अशीच. माणसं बसून बसून आम्ही झिजतो हे खरं, पण रिकामे राहिलो तर आत मांजरी वितात.