माडाखालचे बांगडे

मे महिन्यात पाऊस लागतो, असं मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. या वर्षी मात्र महिना संपायच्या आधीच दर्यावरून काळोख चढत आला आणि वाऱ्यासकट कोसळला. शेजारच्या गंगूने वाळूवर सुकत घातलेले बांगडे आणि गोलमो, म्हणजे बारीक सुकट, सगळं दुपारच्या आत भिजून गेलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा कट्टा गावापासून आतल्या गावांतली माणसं हेच सुकं खातात आणि गंगूची चूल त्याच्या विक्रीवर पेटते. आगोटीचा, पावसाळ्याच्या बेगमीचा, सगळा माल गेला.

पाऊस थांबेना, ऊन पडेना. मग गंगूने आणि तिच्या सुनेने, सारिकाने, इथे कुणीही केलं असतं तेच केलं. वास सुटायच्या आत माडांच्या बुडात खड्डे खणले, सगळं पुरलं आणि अंगण झाडून स्वच्छ केलं. गंगूची नात भक्ती माझ्या पडवीत अभ्यासाला येते. तीही झाडू घेऊन राबत होती. मी तिला शाबासकी दिली.

चार दिवसांनी पंचनाम्याला एक तरुण साहेब आला.

"नुकसान कुठे आहे, मावशी?"

"माडाकडे."

"माड पडला?"

"माड कित्याक पडात? बरो उभो आसा. नुकसान त्याच्या मुळात आसा. बांगडे पुरलंव थय."

"पुरलेत कशाला?"

"मगे काय उशाक घेऊन निजू?"

तो हसला नाही. चिखलाने भरलेले बूट, डोळ्यांत झोप. त्याच्यावरही किती गावं टाकलेली असतील कोण जाणे. "मावशी, अंगण झाडलेलं आहे. मी फोटो कशाचा काढू?"

गंगूने कुदळ घेतली आणि माडाचं बूड उकरलं. आतून काळा लगदा आणि पाठोपाठ असा वास वर आला की साहेब कुंपणापर्यंत मागे सरला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हे तर खत झालं. किती होतं, कसं ठरवू?"

अपूर्णांक समजावतात तसं मी त्याला समजावलं. सुकी मासळी भिजली की ठेवता येत नाही, ती कुजते, रोगराई होते, म्हणून पुरावी लागते. त्याने सगळं ऐकून घेतलं. "पटतं हो बाई. पण दिसायला हवं ना." मग तो पलीकडच्या शेजाऱ्याच्या, रविकांतच्या परसात गेला. तिथे एक माड आडवा झाला होता. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले.

गंगूने राग माझ्यावर काढला. "बाई, तुमी पोरांका शिकयतास, मृग लागलो की पाऊस. त्या पावसाक कोण शिकयतलो?"



मध्ये ऊन पडलं. गंगूच्या मुलाला, नितेशला, होडीच्या शेवटच्या खेपेत थोडे बांगडे मिळाले होते. ते तिने आशेने एका चटईवर पसरले. संध्याकाळी पुन्हा पाऊस. ऊन गेलं ते गेलंच. बांगडे बुळबुळीत झाले तसं सारिकाने फावडं उचललं.

"हात लावू नको!" गंगू ओरडली. "कुसांदे. साहेब येऊन बघांदे."

तिने साहेबाला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला.

वाडीभर घाण पसरली. रविकांत कुंपणावरून ओरडला, "गो गंगू, जेवाण घशाखाली जायना!"

"उपास कर. पोट सुटला हा तुझा."

कावळे आणि कुत्रे टपलेले. गंगूला आणि सारिकाला तर खाडीची ताजी मासळी विकायला जावंच लागायचं. राखण कोण करणार? शेवटी मी माझा वर्गच गंगूच्या ओटीवर नेला. मुलं फ्रॉकमध्ये, शर्टमध्ये नाकं खुपसून बसली. यज्ञेशने नाक दाबून पाढा म्हटला तेव्हा सगळी खो खो हसली आणि मी रागावले नाही. गौरजा काठी घेऊन कावळे हाकलत होती.

अखेर साहेब आला आणि बेड्याजवळ, कुंपणाच्या फाटकातच थबकला.

"अरे बापरे! मावशी, हे आधी उचला. मग मी आत येतो."

 गंगू मटकन पायरीवर बसली.  तेच गणित पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या मुलांपुढेही माझा आवाज सहसा चढत नाही. त्या दिवशी चढला.

"आत या! ही मुलं या घाणीत बसून शिकतायत, ती तुमची वाट बघत."

तो मुकाट्याने आत आला. भक्तीने सरकून वाट दिली. त्याने चटईचा फोटो काढला, लिहून घेतलं, गंगूची सही घेतली.

"आणि आधीचं?" मी विचारलं. "वाळूवरचं सगळं?"

"दिसलं तेवढं लिहिलं, बाई."

म्हणजे सरकारदरबारी गंगूचं एका चटईएवढंच नुकसान झालं. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मग उठली, कुसलेले बांगडे पाटीत भरले आणि त्याच माडाकडे गेली. सारिकाने खड्डा मोकळा केला. गंगूने पाटी उलटी केली.

"खा," ती माडाला म्हणाली. "तुका तरी पंचनामो लागणा नाय."