माझ्या तोंडासमोर उभे राहू नका

मी बॉयलर बोलतोय. आधी जरा बाजूला सरका. माझ्याशी बोलायचं असेल तर बगलेला उभं राहून बोलायचं, समोरून नाही. मिस्त्रीनं बारा वर्षं माझ्या तोंडाशी काढली, पण दार उघडताना तो एकदाही समोर उभा राहिला नाही. जो उभा राहिला त्याची ही गोष्ट आहे, आणि थोडी माझीही.

माझा जन्म मारहाणीतच झाला. पोलादाचे जाड पत्रे लाल होईपर्यंत तापवले, वाकवले, घणाचे घाव घालून एकमेकांना जोडले. मग पोटात पाणी कोंबलं आणि मी कळवळेपर्यंत दाब चढवला. फुटला नाही म्हणजे चांगला, असा शेरा मारून माझ्या कपाळावर नंबर ठोकला. माणसं माणसांचीही परीक्षा अशीच घेतात, हे पुढे कळलं.

मला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आणून बसवलं. काम सोपं होतं. खायचं, जाळायचं, पाण्याची वाफ करायची. वाफ नळ्यांतून रंगाच्या हौदांकडे जायची आणि तिकडे कापड लाल, निळं, पिवळं व्हायचं. इकडे माझ्या खोलीत मात्र सगळं काळंच होतं, कारण पहिली कित्येक वर्षं मी कोळसा खाल्ला.

कोळसा म्हणजे उघड गुंड. येतानाच सांगतो की मी वाईट आहे. धुराड्यातून काळे लोट निघायचे, आसपासच्या गल्ल्यांत कुणी गच्चीवर कपडे वाळत घालत नसे. मला कोळसा चारणारा पहिला फायरमन म्हातारा होता. तो खोकायचा तेव्हा रुमालावर काळं पडायचं, शेवटी शेवटी लाल. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली आणि काही न बोलता पायातली चप्पल काढून तिनं माझ्या अंगावर मारली. एकदा, दोनदा, दमेपर्यंत. पोलादाला चप्पल काय लागणार? पण मी ती विसरलेलो नाही.

त्याच्यानंतर मिस्त्री आला. हाडाचा कामगार, तोंडाचा फटकळ. आल्या दिवशीच त्यानं माझ्या दारावर सळईनं दोनदा ठोकलं आणि ओरडला, "बाजूला!" खोलीत तेव्हा तो एकटाच होता. तरी ओरडला. पुढे ती त्याची रीतच झाली. आधी दहा मिनिटं पंखा चालू ठेवायचा, म्हणजे पोटात साठलेला धूर धुराड्यातून निघून जातो. मग दोन ठोके, मग 'बाजूला', आणि मग बगलेला राहून दार उघडायचं. इतर कामगार त्याची नक्कल करून दात काढायचे. तो म्हणायचा, "हसा लेको. एक दिवस हा ओकला, की हसायला ओठ राहायचे नाहीत."

मग एक दिवस फर्मान आलं. कापड घेणारं मोठं गिऱ्हाईक म्हणालं, कोळशाच्या वाफेवर रंगवलेलं कापड आम्हाला नको. मालकानं आठ दिवसांत मला हिरवा रंग फासला आणि दारावर पाटी लावली, 'निसर्गस्नेही वाफ'. मी आरशात पाहिलं नाही, पण बेडकासारखा दिसत असणार.

रंग गेला खड्ड्यात, खाणं मात्र खरोखर बदललं. वखारीतला भुसा आणि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या विटा यायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला आवडल्या. कडकडीत जळायच्या, राख थोडी, धूर फिका. तो भुसा नाहीतर वखारीमागे सडतच पडला असता. मिस्त्रीचा खोकला कमी झाला. गल्लीत गच्चीवर कपडे दिसायला लागले. मलाही वाटलं, म्हातारपणी का होईना, आपण सुधारलो.

विटा पुरवायचं काम मिस्त्रीच्या भावाला मिळालं. सगळे त्याला धाकटा म्हणायचे. आधी त्याचे दोन धंदे बुडाले होते. मिस्त्रीनं मालकाचे अक्षरशः पाय धरून त्याला हे काम मिळवून दिलं होतं. "माझ्या शब्दावर द्या साहेब. पोरगा वाईट नाही, जरा घाईचा आहे." धाकटाही खुशीत होता. माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचा, "काय भीमा, पोट भरलं का?" चटका बसला की हात झटकत हसायचा.

पण दोन वर्षांत आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांनी कोळसा सोडला. सगळ्यांनाच भुसा हवा. भुसा काही आभाळातून पडत नाही. वखारी होत्या तेवढ्याच, शेंगा होत्या तेवढ्याच, आणि माझ्यासारखी खादाड पोटं वीस झाली.

मग पोत्यांत वर विटा आणि खाली लाकडाचे ढलपे यायला लागले. पहिलं पोतं पोटात पडलं तेव्हाच मला कळलं. ढलप्यांच्या टोकांना फेस आला, पाणी सुटलं आणि सुंऽऽ असा आवाज निघाला. ते उभ्या झाडाचं लाकूड होतं, आठ दिवसांपूर्वी त्याला पानं होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी म्हण आहे. ती म्हण काढणाऱ्यानं बॉयलर चालवलेला नसावा. ओलं जळत नाही, ते कुढतं आणि धुमसतं. निम्मा जाळ त्याचं पाणी आटवण्यातच जातो. पूर्वी मी एक गाडी खायचो, आता तीन खाऊनही वाफेचा काटा वर चढेना.

मिस्त्रीनं तो आवाज ऐकला. पोतं उपडं केलं. सालीसकट एक ढलपा उचलला, नाकाला लावला आणि तसाच धाकट्यासमोर धरला.

"हा भुसा आहे?"

"लाकूडच आहे ना दादा. भुसाही लाकडाचाच असतो."

"कुठलं?"

धाकटा सांडलेले ढलपे पोत्यात भरायला लागला.

"आपल्या घरामागच्या टेकडीवरचं आहे. मी ओळखतो. लहानपणी ज्या झाडावर चढलो त्याचा वास विसरेन होय?"

"मग काय झालं? झाड पुन्हा उगवतं. तुझा कोळसा उगवतो का? मोठमोठी माणसं सांगतात, लाकूड म्हणजे हिरवं इंधन."

"उगवतं रे! तीस वर्षांनी उगवतं. हा तासाभरात खातो. आणि तू तिथे एक तरी रोप लावलंस का?"

"मग मी पोतं कुठून भरू? तुझ्या डोक्यातनं?"

मिस्त्रीनं धाकट्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो कोळशाच्या जुन्या ढिगावर जाऊन पडला. उठला तो फावडं घेऊनच. फावडं मिस्त्रीच्या खांद्यावर बसलं. मग दोघं एकमेकांचे गळे धरून माझ्या अंगावर आदळले. मिस्त्रीची पाठ माझ्या पत्र्यावर भाजली, धाकट्याचा एक दात तुटला. कामगारांनी ओढून वेगळं केलं तेव्हा दोघंही रडत होते. पहिला हात उचलणारा जास्त रडत होता.

मिस्त्रीनं कुणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं असतं तर धाकटा तिसऱ्यांदा बुडाला असता, तोही त्यानंच मिळवून दिलेल्या कामात. मालकालाही ढलपे दिसत होते, पण वाफ येतेय तोवर त्यानं विचारलं नाही. टेकडी मात्र दर आठवड्याला थोडी थोडी माझ्या पोटात येत राहिली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी तर वासेच खात होतो.

मग तपासनीस बाई येणार असं कळलं. गिऱ्हाइकानंच त्यांना नेमलं होतं. कोळसा सोडून तुमचं खरोखर काय भलं झालं, ते मोजायचं होतं.

मालकानं तयारी जोरात केली. चार दिवस पुरतील एवढ्या सुक्या विटा बाईंना दाखवायला अंगणात रचून ठेवल्या. त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून मला चारायला उरले फक्त ओले ढलपे. सुकं दाखवायला, ओलं खायला. या एका शहाणपणानं पुढचं सगळं झालं.

बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा, हातात जाड वही. मिस्त्री त्यांना अंगणात विटा दाखवत होता, पण त्यांचे प्रश्न विटांच्या पलीकडचे होते. ट्रक किती लांबून येतो? राख कुठे टाकता? "आणि हा भुसा तुम्ही जाळला नसता, तर त्याचं काय झालं असतं?" खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. हा प्रश्न ऐकून मला वाटलं, इतक्या वर्षांत माझ्या खाण्याची चौकशी करणारं पहिलं माणूस भेटलं.

इकडे धुराडं काळं ओकत होतं. मालक धावत आत आला आणि मिस्त्रीच्या जागी भट्टीवर थांबलेल्या धाकट्यावर खेकसला, "आधी तो धूर बंद कर! बाई वर बघताहेत!"

धाकट्यानं भावाला रोज दुपारी जेवणाच्या सुटीत पंखा थांबवून आच मंद करताना पाहिलं होतं. त्यानं पंखा बंद केला आणि धुराड्याची झडप ओढली. धूर थांबला. मालक खूश झाला. पण धूर गेला कुठे? माझ्या पोटात. ओलं लाकूड धुमसत होतं, पिवळा जड वायू साठत होता, मी गुदमरत होतो. मी भुकेला होतो हवेचा, एका घोटाचा. ओरडायलाही हवा उरली नव्हती.

"आता भट्टी दाखवा," बाई म्हणाल्या.

धाकटा धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर उभा होता. भावाआधी आपण दाखवावं, जरा शाबासकी मिळवावी, एवढंच त्याच्या मनात. मिस्त्री दारातून आत आला आणि थबकला. पंख्याचा आवाज येत नव्हता.

"बाजूला! धाकट्या, बाजू..."

भट्टीच्या दाराची कडी निघाली होती.

हवा आत शिरली, साठलेला वायू पेटला आणि मी ओकलो. दुसरा शब्द नाही. दार बिजागरीतून उखडलं. आगीची जीभ पार समोरच्या भिंतीपर्यंत गेली, खिडक्यांच्या काचा रस्त्यावर जाऊन पडल्या. मिस्त्रीनं खांद्यानं बाईंना जमिनीवर लोटलं आणि तसाच आगीत शिरला. धाकट्यानं तोंड वाचवायला दोन्ही हात पुढे धरले होते. हातच जळत होते. "दादा! आई गं, दादा!" मिस्त्रीनं त्याला फरफटत नळाखाली नेलं. मोडक्या चष्म्यानिशी बाई रबरी नळी धरून त्या हातांवर पाणी ओतत होत्या, आणि पाण्याबरोबर कातडी सुटत होती.

ते हात मी जाळले. त्याचं लाकूड ओलं होतं, मालकाचा हुकूम खोटा होता, सगळं खरं. पण जाळले मीच.

दीड महिन्यानं ते सगळे पुन्हा माझ्या खोलीत जमले. बाईंना जागा पाहून शेवटचे कागद पुरे करायचे होते. एक कागद पुरवठादाराचा होता: दिलेलं सगळं इंधन टाकाऊ भुशाचंच होतं. बाई यायच्या आधी मालकानं मिस्त्रीला कोपऱ्यात घेतलं होतं. "तुझ्या भावाला सांग. कागद झाला तर औषधपाणी माझ्याकडे. नाहीतर पंखा त्यानं स्वतःच्या मनानं बंद केला असं लिहून देतो. बसू दे तुरुंगात." मिस्त्रीनं मान खाली घातली. इतकी खाली गेलेली ती मान मी कधी पाहिली नव्हती.

धाकट्याला पेन धरता येईना. मालक म्हणाला, "अंगठा चालेल," आणि स्वतःच त्याचा हात धरून शाईत दाबला, मग कागदावर.

कागदावर नुसता निळा डाग उमटला. एकही रेघ नाही.

मालकानं पुन्हा दाबला. पुन्हा डाग.

"साहेब," धाकटा म्हणाला, "कितीही दाबा. रेघा जळून गेल्या त्या."

"धाकट्या, गप्प बस," मिस्त्री म्हणाला.

"किती दिवस गप्प बसू दादा? हात गेले, आता जीभ तरी वापरू दे." तो बाईंकडे वळला. "पंखा मीच बंद केला, मालकांच्या सांगण्यावरून. आणि लाकूड टेकडीवरचं होतं. उभं, ओलं. मी तोडलं. दादाला माहीत होतं, त्यासाठी त्यानं मला मारलंही."

मालक उसळला. "बघा! म्हणजे आमचा कोळसाच बरा होता!"

"कोळसा बरा नव्हता," बाई शांतपणे म्हणाल्या. "हवं तर गल्लीतल्या लोकांच्या छातीला विचारा. भुसा बरा होता, पण जेवढा होता तेवढाच. तुम्ही भुशाचं नाव सांगून टेकडी जाळलीत." आणि तो निळा डाग असलेला कागद त्यांनी वहीत जपून ठेवला.

गिऱ्हाईक गेलं. निम्मे हौद कायमचे बंद पडले, निम्मी माणसं घरी बसली. खरं बोलण्याची किंमत खोटं न बोललेल्यांनीही भरली. माझ्या जागी एक लहान बॉयलर येतोय. वखारीतून जेवढा भुसा निघेल तेवढाच तो खाणार, तेवढंच कापड रंगणार. मिस्त्री तोच चालवणार आहे. धाकट्यावर खटला चालू आहे, मालकावरही.

उद्या मला कापायला येतील. माझी तक्रार नाही, मी खूप खाल्लंय. फक्त एक सांगतो. माझ्यासारख्याला हिरवा रंग दिलेला दिसला, की धुराड्याकडे बघत बसू नका. खाली या आणि पोतं उपडं करून बघा. कुठून आलं, किती उरलं, पुन्हा उगवायला किती वर्षं लागतील, ते विचारा. मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलंच नाही.

आज संध्याकाळी दोघं भाऊ निरोप घ्यायला आले. माझ्या पोटात त्या दिवसापासूनची गार राख आहे. मोडकं दार मिस्त्रीनं तारेनं बांधून ठेवलंय. तो पुढे व्हायला लागला, तर धाकट्यानं त्याला कोपरानं अडवलं.

त्यानं कोपरानंच माझ्या दारावर दोनदा ठोकलं. "बाजूला," म्हणाला, हळूच. आणि विझलेल्या, थंडगार भट्टीपासून भावाला ओढून बगलेला घेऊन उभा राहिला.