तळ्यातले केस

बाराला दहा मिनिटं कमी होती आणि मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कुंपणावर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मान वाकवून उभी असलेली माणसं. त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर केस नव्हते आणि उरलेल्यांना आपलेही जाणार अशी धास्ती होती. मधोमध माशांचं तळं. चौघांनी हात धरले तर वेढा पडेल, एवढंच. काठावर पांढरी चादर लपेटून केशगुरू बसला होता. त्याने घसा खाकरला, दोन्ही तळहात पाण्यावर धरले आणि 'ऊठ, ऊठ' असं गुणगुणायला सुरुवात केली.

आणि तळातून केस वर आले. हिरवे, लांबसडक, रेशमासारखे मऊ. आधी एक बट, मग दुसरी, मग भला मोठा अंबाडा सुटावा तसा सगळा पसारा हलत हलत पाण्याच्या वर आला. गर्दीतून 'आहा' असा एक लांब सूर निघाला. टाकीवरचा एक गृहस्थ भारावून जाऊन खाली घसरला, पण पडतानाही त्याने नजर तळ्यावरून हलवली नाही.

मागच्या दारात उभी राहून वहिनी हे सगळं बघत होती. घर तिचं, तळंही तिचंच. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं आणि तेवीस वर्षांत तिच्या हाताखालून इतकी डोकी गेली होती की लोकांना ती चेहऱ्यांवरून नाही, भोवऱ्यांवरून ओळखायची. पाण्यात तरंगतंय ते शेवाळ आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तिचं ऐकतो कोण? खुद्द तिचा नवरा गुरूच्या उजव्या हाताला बसला होता आणि त्याच्या टकलावर त्या शेवाळाचा ओला गोळा टोपीसारखा थापलेला होता. हिरवं पाणी चष्म्यावरून ओघळत होतं आणि तो समाधानाने हसत होता.

नवरा ग्रंथपाल होता. भरपूर वाचलेला, शहाणा, पण डोक्याचा विषय निघाला की पाघळायचा. केशगुरू आधी बसथांब्याजवळ केसांचं तेल विकायचा. नवरा त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. एकदा तो तेलाची बाटली घरपोच द्यायला आला, तेव्हा भरदुपारी त्याने तळ्यात शेवाळ वर येताना पाहिलं. पुढचे तीन दिवस तो काही ना काही निमित्त काढून त्याच वेळी आला. चौथ्या दिवशी तेल बंद झालं आणि चमत्कार सुरू झाला.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. केसाचं मूळ डोक्यात नसतंच, तो सांगायचा, मूळ असतं पाण्यात. आईच्या पोटात आपण पाण्यात होतो, म्हणून तर जन्मताना केस घेऊन आलो. पुढे पाण्याशी नातं तुटलं आणि केस रुसले. एकाने विचारलं, मग मासे टकले कसे? गुरूने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "त्यांनी आपले केस तुमच्यासाठी सोडलेत." विचारणाऱ्याला भरून आलं. त्याने आपल्या डब्यातली पोळी कुस्करून तळ्यात टाकली आणि त्या दिवसापासून सगळेच माशांना काहीबाही टाकू लागले.

दर आठवड्याला 'बरा झालेला माणूस'ही यायचा. पहिल्या आठवड्यात त्याचं डोकं आरशासारखं चकचकीत होतं, दुसऱ्यात त्यावर काळी सावली धरली, तिसऱ्यात बोटात येतील एवढे केस आले. तो नुसता डोकं वाकवून गर्दीतून फिरायचा. लोक हात फिरवून बघायचे.

वहिनीने आधी ते हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी तळ्यातले मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकताना दिसले, दोन तर उलटे होऊन तरंगत होते. आणि त्याच दिवशी शेजारचा शिंपी आपल्या मुलीला घेऊन दुकानात आला. मुलगी दहा-अकरा वर्षांची. तिच्या डोक्यावर रुपयाएवढे दोन चट्टे पडले होते. डॉक्टरांच्या मलमाने ते भरून येत होते, पण गुरूने मलम बंद करायला सांगितलं आणि महिनाभर शेवाळाचा लेप लावला. आता चट्टे तळहाताएवढे वाढले होते, सुजले होते, त्यांतून पाणी येत होतं. त्यांभोवतीचे केस कापून द्या, एवढंच शिंपी खालच्या आवाजात म्हणाला. कात्री लागताना मुलगी आरशात स्वतःकडे बघत नव्हती.

वहिनीने तिला आधी डॉक्टरांकडे धाडलं. मग मागच्या अंगणात जाऊन शेवाळाची एक मूठ उपटली आणि दोन काचेच्या बरण्यांत पाणी घालून अर्धी अर्धी टाकली. एक बरणी दुकानाच्या खिडकीत उन्हात ठेवली, दुसरी टॉवेलांच्या कपाटात. दुपारी खिडकीतलं शेवाळ वर येऊन टेकलं होतं. त्याच्या तंतूंत मोहरीएवढे बुडबुडे अडकले होते. कपाटातलं तळाशी निपचित पडलं होतं. तेवढ्यात केस धुवायला आलेल्या विज्ञानाच्या बाई मान बेसिनवर टेकवून म्हणाल्या की यात नवल काय, ऊन मिळालं की हिरवी वनस्पती आपलं अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. त्याचे बुडबुडे गुंत्यात अडकतात आणि गुंता तराफ्यासारखा वर येतो. संध्याकाळी बुडबुडे निघून जातात, गुंता बसतो.

"म्हणजे गुरू गप्प बसला तरी?" वहिनीने विचारलं.

"गुरू गावाला गेला तरी," बाई म्हणाल्या.

तिथून पुढे दोघी इतक्या हसल्या की बाईंच्या कानात पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनीने दुकानातली गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायची काळी कापडं एकमेकांना जोडून शिवली आणि अर्ध्या तळ्यावर ताणून बसवली. साडेअकराला गुरू आला तेव्हा ती दारातच उभी होती. एवढी माणसं दर्शनाला येतात आणि महाराजांची दाढी अशी वाढलेली, हे आपल्या दुकानाला शोभत नाही, असं तिने फार गोड आवाजात सांगितलं. गुरू खूश झाला. खुर्चीत बसला. वहिनीने गरम टॉवेल त्याच्या तोंडावर गुंडाळला, मग फेस लावला, मग पुन्हा लावला. फेस ओठांवरही लावला. बारा वाजत आले तसा गुरू खुर्चीत चुळबुळ करू लागला. वहिनी म्हणाली की हलू नका, हातात वस्तरा आहे.

बाराला मागून आरडाओरडा ऐकू आला. नवरा धावत आत आला, डोक्यावरची हिरवी टोपी एका कानावर आलेली.

"अगं, केस उठले," तो म्हणाला. "आपोआप उठले."

"सगळे?"

"नाही. उन्हातले उठले. कापडाखालचे खालीच आहेत." तो बोलता बोलता थांबला. वाचलेला माणूस होता तो. आपण आत्ता काय म्हणालो हे त्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. त्याने खुर्चीतल्या फेसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि टोपी हळूच काढून बेसिनमध्ये ठेवली.

वहिनी वस्तरा ठेवून अंगणात गेली. मागोमाग अर्ध्या दाढीचा गुरूही आला आणि कापडामुळे मंत्र अडतो असं काहीतरी सांगू लागला. पण आज मंत्र कुठे होता, असं टाकीवरच्या गृहस्थानेच विचारलं. लोक हसायला लागले. वहिनीने दोन्ही बरण्या काठावर मांडल्या आणि बाईंनी सांगितलं होतं ते आपल्या शब्दांत सांगितलं. मग तिने 'बरा झालेल्या' माणसाला स्टुलावर बसवलं आणि शेजारी आपल्या नवऱ्याला.

"हे खरं टक्कल," नवऱ्याच्या डोक्यावर टिचकी मारत ती म्हणाली. "वरून जातं, पण कानांवर झालर राहते. सतरा वर्षं बघतेय मी. आणि या भाऊंचं डोकं पहिल्या दिवशी कानामागेही तुळतुळीत होतं. ते टक्कल नाही, गोटा केलाय. इथे वस्तऱ्याने कापल्याची खूण अजून आहे. गोटा केला की केस येणारच, तळं असो नाहीतर नसो."

त्या माणसाने कानामागे हात नेला, मग स्टुलावरून उठून सरळ फाटकाकडे चालू लागला. त्याच्यामागे गुरू. घाईत चादर कपड्यांच्या दोरीला अडकली, ती सोडवायलाही तो थांबला नाही. एक गाल गुळगुळीत, एका गालावर फेसासकट दाढी असा तो रस्त्याने पळाला आणि अंगणात एवढा हशा झाला की शेजारच्या गच्चीवरची माणसं खाली उतरून आली.

शिंपी मात्र हसत नव्हता. तो पुढे येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग आधी का नाही बोललात?"

हशा थांबला. मला वाटलं, नुसती गंमत आहे, वहिनी म्हणाली. चूक झाली. तुमच्या मुलीच्या डोक्याला जे झालं त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

मग ती सगळ्यांकडे वळली. डॉक्टरांनाही विचारा, म्हणाली, मलाही विचारा, बाईंनाही विचारा. हे कशाने झालं, दुसऱ्या कशाने होतं का, मंत्राशिवाय होतं का. ज्याचं खरं आहे तो विचारल्यावर रागावत नाही, करून दाखवतो. आणि ज्याला प्रश्न चालत नाहीत, त्याच्या हातात आपलं डोकं देऊ नका. मुलांचं तर अजिबातच नाही.

बाईंनी तळ्याचा इलाज सांगितला. पोळ्या टाकणं आजच बंद करायचं, कारण सडलेल्या अन्नावरच शेवाळ पोसतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून मासे पहाटे धापा टाकतात. थोडं थोडं पाणी बदलायचं, सावलीसाठी कमळं लावायची, आणि जे आहे ते हाताने काढायचं. नवऱ्याने झाडूचा दांडा पाण्यात घातला आणि फिरवला. शेवाळ लोकरीसारखं दांड्याभोवती गुंडाळत बाहेर आलं. आणखी चौघांनी बाह्या सरसावल्या. दुपारभर ओढाताण चालली, दोघे घसरून तळ्यात पडले, आणि कुंपणाशी हिरवा ढीग कमरेइतका उंच झाला.

ऊन कलल्यावर शिंपी मुलीला घेऊन आला. डोक्याला पांढरी पट्टी होती. ती काठावर बसली, मोकळ्या झालेल्या पाण्यात वाकून बघू लागली आणि तिने बाईंना विचारलं की माशांना खरंच केस का नसतात.

बाई म्हणाल्या, "मला नीट ठाऊक नाही. पुस्तकात बघून उद्या सांगते."

गेल्या महिन्याभरात त्या अंगणात 'मला ठाऊक नाही' असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं.