मोकळा पलंग

जावईबापूंनी पडद्यावर डोंगर लावला, तेव्हाच सचिवबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. समोरचं काही नीट दिसू नये असं वाटलं की त्या हेच करत.

डोंगराच्या पायथ्याशी संस्थेचं नाव होतं, माथ्यावर झेंडा आणि झेंड्यावर ‘परिवर्तन’. मधल्या वाटेवर रंगीत गोल, म्हणजे टप्पे. संस्थेचं काम तसं सांगायला सोपं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी वरखाली होणारा पलंग, चाकाची खुर्ची, प्राणवायूचं यंत्र असं काहीबाही पोचवायचं आणि गरज सरली की परत आणायचं. यात डोंगर कुठून आला, हे विचारायची सोय नव्हती. डोंगर आणणारा अध्यक्षांचा जावई होता आणि अध्यक्ष हे सचिवबाईंचे थोरले दीर. घरचा जावई आणि फुकटचा सल्लागार, दोघांनाही तोंडावर नावं ठेवता येत नाहीत. हा तर एकाच कोटात दोन्ही होता.

“काकू, वर बघा ना,” जावईबापू म्हणाले. “हा आपला पाच वर्षांचा धोरणात्मक तंत्रज्ञान आराखडा.”

“बघतेय. चढ फार आहे. बरं झालं, आपल्याकडे प्राणवायूची यंत्रं आहेत.”

उघड्या दाराबाहेर, फोनच्या टेबलामागे, संस्थेचे फोन घेणाऱ्या मावशी फिसकन हसल्या. अध्यक्षांनी खाकरून घेतलं. कार्यकारिणीतल्या इतरांनी हसावं की नाही, यासाठी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग नाही हसले.

“पहिला टप्पा,” जावईबापूंनी लाल ठिपका एका गोलावर नाचवला, “दूरध्वनीमुक्त संस्था. फोन बंद, अ‍ॅप सुरू. लाभार्थ्याचा सगळा प्रवास एका बोटावर.”

आज मंजुरी घ्यायची ती याचीच. बाकीचा डोंगर कुठे का जाईना, सचिवबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. फोन मात्र जाऊ द्यायचा नव्हता. मागच्या वर्षी त्यांनी स्वतः हा नंबर फिरवला होता. नवरा गेल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून. “मावशी, तो पलंग…” एवढंच त्यांना बोलता आलं होतं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या होत्या, “बरं. घाई नाही.” त्या दिवसांत इतकी माणसं इतकं बोलली, पण लक्षात राहिले ते हे तीन शब्द.

ही मावशींची जुनी रीत. ‘वारले का’ असं त्या कधी कुणाला विचारत नसत. पेशंट हिंडूफिरू लागला की कार्डावर लिहीत ‘परत’. माणूस गेला की लिहीत ‘मोकळा’. पलंग मोकळा झाला. ऑफिसात झाडून सगळ्यांना या दोन शब्दांतला फरक माहीत होता, म्हणूनच तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता.

जावईबापूंना तो माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी विचारलं होतं मात्र. जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवताना ते सचिवबाईंच्या टेबलाशी आले होते. “काकू, परत आणि मोकळा यात काय फरक?” मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, “मराठी येतं ना तुम्हाला? मोकळा म्हणजे मोकळा.” त्या उत्तराची गोडी सचिवबाईंना दिवसभर पुरली होती.

“नुसतं बोलत नाही, करूनच दाखवतो,” जावईबापू आता म्हणाले. “जुन्या लाभार्थ्यांना आपुलकीचा एक छोटासा संदेश. त्यांच्याच अभिप्रायातून आपला डॅशबोर्ड जिवंत होईल. बाबा, शुभारंभाचं बटण तुम्ही दाबा.”

अध्यक्षांनी कौतुकाने बटण दाबलं. जावयाने दगड दिला असता तर त्यांनी तोही कौतुकानेच दाबला असता, असं सचिवबाईंच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्यांच्या पर्समधला मोबाइल थरथरला.

त्यांनी चष्मा चढवला.

‘अभिनंदन! आपण मोकळे झालात. आमच्या पलंगासोबतचा आपला अनुभव कसा होता? तारे देऊन कळवा.’ खाली पाच रिकामे तारे होते आणि एक हसरा चेहरा.

सचिवबाईंनी मोबाइल टेबलावरून अध्यक्षांकडे, आपल्या भाऊजींकडे, सरकवला. त्यांचा गेलेला नवरा भाऊजींचा पाठचा भाऊ होता. भाऊजींनी एकदा वाचलं. मग चष्म्याच्या खालच्या भागातून पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलंय?”

“प्रणालीने, बाबा. छान आहे ना?” जावईबापू वाकून बघत म्हणाले. “मोकळा म्हणजे ज्यांचं काम झालं तो गट. सगळ्यात मोठा गट आहे आपला. परतपेक्षा किती तरी जास्त! मी मुद्दाम काकूंना विचारून घेतलं होतं.”

एकेकाला कळत गेलं तशी एकेकाची नजर टेबलावर उतरली. अकलेचे तारे तोडणारी माणसं सचिवबाईंनी पुष्कळ पाहिली होती. ते तोडून घरोघर वाटणारा हा पहिलाच. पण ‘काकूंना विचारून’ हे शब्द त्यांना टोचले. विचारलं होतं त्याने. गाढवाने नेमका हाच प्रश्न विचारला होता.

बाहेर फोन वाजला.

मावशींनी उचलला, ऐकला. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्या दारातून म्हणाल्या, “एक बाई आहेत. विचारतायत, तारे कशाचे द्यायचे?”

मावशी फोनमध्ये हळू काहीतरी बोलल्या, ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या तो पुन्हा वाजला.

“उठा, जावईबापू,” सचिवबाई म्हणाल्या.

“मी तांत्रिक बाजू बघतो, काकू. संवादासाठी आपल्याला वेगळा माणूस—”

“ऊठ.”

सासरी त्याला अरेतुरे करणारं आजवर कुणी नव्हतं. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. सासरा मोबाइलकडे पाहत होता. मग तो उठला. मावशींनी खुर्ची रिकामी करून दिली, पण शेजारीच उभ्या राहिल्या, हातात पेन घेऊन.

“काय बोलू?”

“चूक झाली म्हण. मग गप्प बस आणि ऐक.”

त्याने रिसीव्हर उचलला. “नमस्कार, आपला अभिप्राय आमच्यासाठी—”

मावशींनी पेन टेबलावर आपटलं.

“चूक झाली,” तो म्हणाला. “म्हणजे प्रणालीच्या वर्गवारीत—”

पेन पुन्हा आपटलं. तो थांबला. पलीकडून कुणी तरी बोलत होतं, किंवा बोलत नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल होत गेल्या.

आतून अध्यक्षांचा आवाज आला, बसलेला. “ते फोन बंद करायचं पान काढून टाका.”

जावयाने रिसीव्हरवर हात ठेवला. “पहिलाच टप्पा काढला तर डोंगर पुन्हा काढावा लागेल, बाबा.”

“अरे, खड्ड्यात गेला तुझा डोंगर!” अध्यक्ष ओरडले. जावयाशी इतकं सरळ बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

त्याने फोन ठेवला तेव्हा सचिवबाईंनी विचारलं, “काय म्हणाले?”

“काही नाही. नुसते होते लाइनवर. मग म्हणाले, ठेवतो.” तो मावशींकडे आशेने पाहू लागला. “आता तुम्ही घेता?”

“मी? दूरध्वनीमुक्त झाले ना मी,” मावशी म्हणाल्या.

फोन वाजला. त्याचा हात पुढे झाला, पण अर्ध्यावरच घुटमळला. त्याला दिवसभर तिथेच बसवून ठेवावं आणि आपण दारातून मजा बघावी, असं सचिवबाईंना फार वाटलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावरून हात घालून रिसीव्हर उचलला.

“बोला. मी संस्थेची सचिव. चूक झाली, आणि ती यंत्राची नाही, आमची आहे.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता. पुढचं वाक्य सचिवबाईंच्या ओठांवर तयार होतं, नेहमीसारखं धारदार. त्यांनी ते गिळलं, टेबलाच्या कडेवर टेकल्या आणि थांबून राहिल्या.