राखणदाराचा चिरूट

महादूने अडकित्त्यात चिरुटाचं टोक धरलं आणि नखाएवढंच कापलं. देवेशने शिकवलं होतं तसंच. बुडाशी अंगठ्याएवढा जाड आणि वर गाजरासारखा निमुळता होत गेलेला चिरूट होता तो.

मागच्या खेपेला पोर बोटीवरून सुट्टीवर आलं, तेव्हा असले दोन घेऊन आलं होतं. एक बापलेकांनी घरापुढच्या खळ्यात बसून ओढला होता.

"बाबा, टोक जास्त कापू नको हां. धूर सगळो हय टोकाक गोळा होता. जास्त कापलस तर जीभ भाजतली."

"आणि मधीच विझलो तर?"

"ही काय विडी न्हय. ह्येका ओढणारो व्हयो. ओढणारो नसलो की विझता."

दुसरा देवेशच्या आईने, काशीबाईने, ट्रंकेत कपड्यांखाली जपून ठेवला होता.

देवेशची बोट बुडाली त्याला आता पावसाळा उलटून गेला. शोध थांबवला, असा मुंबईहून एजंटाचा फोनही येऊन गेला. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, म्हणून भावकीने टुमणं लावलं. काशीबाई कुणाला बधेना. शेवटी तिनेच तोड काढली. राखणदारापुढे देवेशने आणलेला चिरूट पेटवून ठेवायचा. पुरा जळला तर पोर कुठेतरी जिवंत आहे. विझला तर भटजींना बोलवायचं.

घराण्याची रीतच होती ती. खाडीकाठच्या काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा दगड, त्यावर पेटती विडी ठेवायची. दोऱ्यापर्यंत जळली की राखणदाराने ओढली म्हणायचं. खाडीच्या वाऱ्यावर विडी जळणार नाही तर काय करील, असं विचारण्याचा आगाऊपणा आजवर कोणी केला नव्हता. चिरुटाची गोष्ट वेगळी आहे, हे एकट्या महादूला ठाऊक होतं. पण बायकोचा तेवढाच एक आधार उरलेला. तो कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा?

त्याने काड्यांवर काड्या ओढून चिरुटाचं बूड फिरवत फिरवत पेटवलं. ओठाला मात्र लावला नाही. बातमी आली त्याच दिवशी काशीबाईच्या देखत त्याने ह्याच दगडावर हात ठेवून सांगितलं होतं, पोर घरी येईपर्यंत विडीला शिवणार नाही.

चिरूट दगडावर ठेवून तो बाजूला झाला. निखारा थोडा वेळ लाल दिसला, मग काळवंडला. महादूने पुन्हा पेटवला. पुन्हा विझला. यात काही अर्थ नाही, ही वस्तूच तशी, असं तो वाटेभर घोकत आला होता. तरी आपलं पोर गेलं, हे त्याला तिथे उभ्याउभ्या पटलं.

सकाळी काशीबाई राख बघायला येणार होती.

त्याने चिरूट उचलला आणि ओठात धरला. पहिले झुरके सौम्य होते, थोडे लाकडासारखे लागणारे. निखारा वर सरकत अरुंद भागात शिरला तसा धूर दाट झाला, कडू झाला. जीभ पोळत होती. घाई केली की आणखी पोळायची. महादू रडत होता आणि ओढत होता. बोटांना चटका बसायला लागला तेव्हा उरलेलं थोटूक त्याने राखेशेजारी दगडावर ठेवलं.

तिन्हीसांजेला तो घरी पोचला. काशीबाई खळ्यातच उभी होती.

"जळलो?"

"पुरो जळलो गो. राखणदारान ओढल्यान."

तिने हात जोडले. तोंडावर कित्येक महिन्यांनी थोडं तेज आलं. त्याच्या हातातला अडकित्ता घ्यायला ती पुढे आली आणि तशीच थांबली. अडकित्ता न घेताच आत गेली, तांब्या भरून घेऊन आली.

"चूळ भरा," ती म्हणाली.

महादूने माडाच्या मुळाशी जाऊन चूळ भरली, मग आणखी एकदा भरली. मागे वळून बघायचा त्याला धीर होईना.

"उद्या भटजींका सांगान येवा," काशीबाई मागून म्हणाली. पायरीवर बसल्याचा आवाज आला. "आणि येताना विडयेचो कट्टो घेवन येवा तुमका."